कोकिहाला हायवेवरची हेवी रिकव्हरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हायवे ५ वर, म्हणजे कोकिहालावर, घसरलेले, पलटी झालेले, दरीत गेलेले ट्रक बाहेर काढणाऱ्या एका कंपनीत मी डिस्पॅचवर आहे. फोन घ्यायचा, माणसं आणि गाड्या रवाना करायच्या, पोलिसांशी आणि विमावाल्यांशी बोलायचं, हे माझं काम. व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातले नवे ट्रक ड्रायव्हर, कॅम्लूप्सला शिकणारी मुलं, त्यांचे इकडे आलेले आईवडील आणि खोपोली-कसाऱ्याकडचे क्रेनवाले यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हेवी रिकव्हरी म्हणजे टोइंगच ना? वेगळं नाव कशाला?

टोइंगमध्ये गाडी चाकांवर उभी असते, फक्त चालत नसते. रिकव्हरीत गाडी नको तिथे असते: गटारात, कठड्यावर, कुशीवर आडवी, नाहीतर पन्नास फूट खाली झाडांत. तिला आधी चाकांवर आणि रस्त्यावर आणायचं, टोइंग त्यानंतर. आणि 'हेवी' म्हणजे किती? इथे दोन ट्रेलरची सुपर बी-ट्रेन भरलेली असली की तिचं एकूण वजन ६३,५०० किलोपर्यंत कायदेशीर असतं. ते वजन बर्फात, उतारावर, रात्री हलवायचं.

२. हा हायवे नेमका कुठे आहे, आणि तिथेच एवढे ट्रक का घसरतात?

व्हँकुव्हरहून पूर्वेला दीडेक तासावर होप नावाचं छोटं गाव लागतं. तिथून कोकिहाला डोंगरात शिरतो, मेरिटला उतरतो आणि पुढे कॅम्लूप्सला जातो. होप-मेरिट हा पहिला टप्पा मे १९८६ मध्ये, व्हँकुव्हरच्या एक्स्पो ८६ या जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर सुरू झाला. मेरिट-कॅम्लूप्स पुढच्या वर्षी. टोल होता, तो २००८ मध्ये उठला.

आता उंची बघा. होप समुद्रसपाटीला लागूनच म्हणावं असं आहे आणि खिंडीचा माथा १,२४४ मीटरवर. मधलं अंतर साधारण ५० किलोमीटर. होपला पाऊस पडत असतो, ड्रायव्हर वायपर लावून गाणी ऐकत निघतो आणि पाऊण तासात वायपरवर बर्फाचे गोळे जमलेले असतात. पॅसिफिकवरून आलेली ओली हवा या डोंगरांवर चढते आणि सगळा ओलावा तिथेच टाकते. शिवाय तापमान बराच वेळ शून्याच्या आसपास रेंगाळतं, आणि निसरडेपणा तिथेच सगळ्यात जास्त. उणे वीसला बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो. शून्याजवळ त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायरला धरायला काही उरत नाही. पुलांवर तर खालूनही थंड हवा लागते, त्यामुळे रस्ता ठीक वाटत असताना पूल आधी गोठलेला असतो.

त्यात चढ. ग्रेट बेअर स्नोशेडच्या (स्नोशेड म्हणजे हिमस्खलन वरून निघून जावं म्हणून रस्त्यावर बांधलेलं छत) आसपासचा चढ ८ टक्क्यांच्या घरात जातो. पुढचा ट्रक अडकला की मागच्याला थांबावं लागतं, आणि चढावर एकदा थांबलेला भरलेला ट्रक बर्फात पुन्हा हलत नाही. एकामागे एक असे ट्रक उभे राहतात. आमच्या हिवाळ्यातला मोठा हिस्सा हाच आहे, दरीतले थरार फार थोडे.

या खोऱ्यात हायवेच्या आधी रेल्वे होती, केटल व्हॅली रेल्वे. १९१६ मध्ये सुरू झाली. तिचा इंजिनियर अँड्र्यू मॅककुलॉ याने स्टेशनांना शेक्सपिअरची नावं दिली, म्हणून आजही पाट्यांवर ओथेलो, पोर्टिया दिसतात. बर्फ आणि दरडींशी झगडत ती कशीबशी चालली. १९५९ मध्ये मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा त्या खोऱ्यात आलीच नाही.

३. टीव्हीवरच्या हेवी रिकव्हरीच्या मालिकांत दाखवतात तसंच असतं का?

यंत्रं खरी, बर्फ खरा, माणसंही खरी. फक्त टीव्हीवर थांबणं दिसत नाही. तीन तास पोलिसांची परवानगी येण्याची वाट, दोन तास रिकामा ट्रेलर येण्याची वाट आणि मग वीस मिनिटांचं ओढणं. दिसतात ती वीस मिनिटं.

४. फोन आल्यावर पुढे काय काय होतं?

पहिला प्रश्न जागेचा. 'स्नोशेडच्या थोडं पुढे' यावर मी गाडी पाठवू शकत नाही. इथले एक्झिट क्रमांक किलोमीटरनुसार असतात (ब्रिटन क्रीकचं विश्रांतीस्थळ २२८, मेरिट २८६), म्हणून शेवटचं कुठलं एक्झिट दिसलं आणि तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं. मग: माणूस अडकलाय का, डिझेल गळतंय का, माल काय, भरलेला की रिकामा, चाकांवर की आडवा.

जागेवर पोहोचल्यावर क्रूचा प्रमुख सगळ्यात आधी गाडीला हात न लावता तिच्याभोवती फिरतो. बाहेरच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटतो. तो बघत असतो तो ट्रेलरचा सांगाडा कुठे वाकलाय, माल एका बाजूला सरकलाय का, किंग पिन (ट्रेलरला ट्रकशी जोडणारी खीळ) अजून धरून आहे का, खालची जमीन गोठलेली आहे की नुसता बर्फाचा पापुद्रा आहे, वर विजेच्या तारा आहेत का. यानंतर कधी कधी निर्णय होतो की आज ओढायचं नाही. माझ्या मते चांगल्या आणि सुमार रिकव्हरीवाल्यातला फरक याच ठिकाणी कळतो. जोर सगळ्यांच्या गाडीत असतो, 'आत्ता नको' म्हणायची हिंमत सगळ्यांत नसते.

५. एवढी मोठी क्रेन आहे तर सरळ उचलून रस्त्यावर का ठेवत नाही?

कारण उचलण्यापेक्षा बहुतेक वेळा ओढणं, सरकवणं आणि फिरवणं लागतं. रोटेटर म्हणजे बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, पूर्ण गोल फिरणारी रिकव्हरी गाडी. दहा लाख डॉलरच्या घरातली असते. पन्नास, साठ, पंचाहत्तर टन असे तिचे आकडे ऐकायला मिळतात, पण ते बूम आखूड आणि जवळजवळ उभी असतानाचे. बूम लांब आणि आडवी केली की तीच गाडी त्याचा छोटा अंश उचलते. दरीतला ट्रक नेहमी लांबच असतो.

ओढण्याचा हिशेब मात्र जुना आणि साधा आहे, सैन्याच्या रिकव्हरीतून आलेला. चाकांपर्यंत रुतलेल्या गाडीला हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतलेलीला दुप्पट, केबिनपर्यंत तिप्पट. उतारावर असेल तर दर अंशामागे वजनाचा साठावा हिस्सा वाढवायचा. म्हणजे ४० टनांचा ट्रक चाकांपर्यंत बर्फात आणि उतार ३० अंश: रुतल्याचे ४० आणि उताराचे २०, एकूण ६० टन. एका विंचचा (दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राचा) दोर एवढा ओढत नाही. मग पुली लावून दोर दुहेरी, तिहेरी करायचा. प्रत्येक पुलीमागे साधारण दहावा हिस्सा घर्षणात जातो, तोही धरायचा.

नवखे फसतात ते दोराची दिशा बदलणाऱ्या पुलीपाशी. दोर जाऊन उलटा परत येत असेल तर त्या पुलीवर दोराच्या दुप्पट ताण असतो, काटकोनात वळत असेल तर सुमारे १.४ पट. विंच १५ टन ओढतोय म्हणून १५ टनांची साखळी लावून पुली झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधली, तर तुटणार ती साखळी. दोर शाबूत राहील.

६. आमच्याकडे घाटात दोन हायड्रा लावल्या की कंटेनर सरळ होतो. तिकडे तसं का चालत नाही?

हा प्रश्न खोपोलीहून आलाय आणि रास्त आहे. हायड्रा म्हणजे उचलून तसंच घेऊन चालणारी क्रेन. बोरघाटात कोरडा डांबरी रस्ता, सपाट लेन आणि बाजूला पलटी ट्रक, तिथे तिचा झटपट उपयोग होतो. इथल्या बर्फावर हायड्राच्या टायरना पकड नाही, आणि वजन हवेत असताना यंत्र स्वतःच घसरलं तर थांबवायला काही नाही. रोटेटर पाय टेकवून, पायांखाली जाड पाट्या घालून एका जागी ठाम बसतो आणि वजनाला आपल्याकडे आणतो.

दुसरा फरक मालाचा. ट्रेलरच्या भिंती पातळ पत्र्याच्या असतात. आतल्या मालासकट वायर रोपने उचलायला गेलं की पत्रा कापला जातो आणि माल रस्त्यावर. म्हणून रुंद पट्टे लागतात, आणि नाजूक काम असेल तर ट्रेलरखाली हवेच्या मोठ्या गाद्या सारून हळूहळू फुगवतात. पलीकडून दुसरी गाडी दोर धरून बसते, म्हणजे ट्रेलर मध्यबिंदू ओलांडला की धाडकन पडत नाही, दोराच्या आधाराने सावकाश टेकतो. हे पलीकडून धरून ठेवणं मी आपल्याकडच्या व्हिडिओंत क्वचित बघतो. सरळ झालेला कंटेनर दुसऱ्या बाजूला जाऊन पडतो तो त्यामुळेच.

७. काम करताना सगळ्यात मोठा धोका कशाचा? दरी? दोर तुटणं? थंडी?

शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा.

लोकांना हे उत्तर आवडत नाही. दरी जागच्या जागी असते. दोराचा ताण आमच्या हातात असतो. पण शंभराच्या वेगाने येणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरवर आमचा काहीच ताबा नसतो, आणि ज्या बर्फावर पहिला ट्रक घसरला त्याच बर्फावर तो येत असतो. क्रूमधला माणूस बहुतेक वेळा वाहतुकीकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून, साखळी लावत असतो.

कायदा असा: ब्रिटिश कोलंबियात लाल, निळे किंवा पिवळे दिवे लुकलुकणारी गाडी थांबलेली दिसली की वेग कमी करायचा आणि सुरक्षित असेल तर लेन सोडायची. जिथे मर्यादा ताशी ८० किंवा जास्त आहे तिथे ७०, त्याहून कमी आहे तिथे ४०. पिवळे दिवे, म्हणजे टो ट्रक आणि रस्ता देखभालीच्या गाड्या, यातच येतात. बर्फात ७० सुद्धा जास्त असू शकतो, ते वेगळं. आणि कृपा करून मोबाईल खाली ठेवा. अपघाताचा व्हिडिओ काढत जाणारा माणूस आमच्या दृष्टीने पुढचा अपघात असतो.

अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात टोइंगचं संग्रहालय आहे, कारण १९१६ मध्ये अर्नेस्ट होम्सने पहिला टो ट्रक तिथेच बनवला. त्या संग्रहालयात कामावर मेलेल्या टो ऑपरेटरांच्या नावांची एक भिंत आहे. त्यातले कितीतरी जण जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीखाली गेलेले.

८. तरीही, दोर तुटला तर?

वायर रोप ताणाखाली तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि मधे जे असेल ते कापतो. म्हणून ताण असताना दोराच्या रेषेत आणि दोर वळतो त्या कोनाच्या आत कोणी उभं राहायचं नाही. पुली सुटली तर ती त्याच कोनातून उडते. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो, तुटला तरी तितका उसळत नाही, पण दगडाच्या कडेवर घासला की जातो. शिवाय त्यात पाणी मुरून गोठतं, मग तो काठीसारखा होतो आणि ड्रमवर नीट बसत नाही. दोन्ही ठेवावे लागतात.

९. ट्रक चाकांवर उभा आहे, फक्त इंजिन बंद पडलंय. मग टो करायला तास-दीड तास कशाला?

दोन कामांसाठी. एक, ब्रेक. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक आपोआप लागतात. आमच्या गाडीतून हवा द्यायची, आणि पाइपच फुटले असतील तर प्रत्येक चाकामागच्या ब्रेक चेंबरमध्ये लांब बोल्ट घालून, नट आवळून स्प्रिंग दाबून धरायची. हे गाडीखाली बर्फात झोपून, पाना हातात घेऊन. बोल्टच्या आट्यांत मीठ आणि बर्फ भरलेला असतो, हातमोजा घालून नट धरता येत नाही आणि मोजा काढला तर बोटं धातूला चिकटतात.

दोन, गिअरबॉक्स. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सच्या आत तेल फिरत नाही पण दाते फिरतात, आणि थोड्याच किलोमीटरमध्ये तो जळतो. म्हणून ड्राइव्ह शाफ्ट किंवा अॅक्सलच्या दांड्या आधी काढायच्या. 'एवढंसं अंतर आहे, तसंच ओढा' म्हणणारे मालक असतात. त्यांच्याकडून आम्ही लिहून घेतो.

१०. मी नुकताच इथे ट्रकवर लागलोय. चेन कधी लावायच्या? सगळे लावत नाहीत असं दिसतं.

१ ऑक्टोबर ते ३० एप्रिल डोंगरी मार्गांवर ११,७९४ किलोपेक्षा जास्त वजनाच्या व्यावसायिक गाडीत चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरला गुंडाळायच्या साखळ्या, असणं सक्तीचं आहे. पाटीवर चेन लावा असं लुकलुकलं की लावणं सक्तीचं. जवळ नसण्यापेक्षा सांगूनही न लावण्याचा दंड बराच मोठा आहे.

कायद्यापलीकडचं सांगतो. चेन चढाच्या पायथ्याशी, त्यासाठी ठेवलेल्या रुंद जागेत लावायच्या. चाकं फिरायला लागल्यावर, लेनमध्ये, अंधारात लावायला गेलात तर प्रश्न ७ मधला धोका तुमच्यावर येतो. घरी अंगणात दोनदा लावून बघा. मालक म्हणाला की 'चेनची गरज नाही, पुढे जा', तर लक्षात ठेवा, लायसन्स तुमचं आहे. आणि निसरड्या उतारावर इंजिन ब्रेक जपून वापरा: मागची चाकं अडखळली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि गाडी मधोमध दुमडते. इथे त्याला जॅकनाइफ म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये हा शब्द रोजचा.

ब्रिटिश कोलंबियात ऑक्टोबर २०२१ पासून क्लास १ (ट्रेलरची जोडगाडी चालवायच्या) लायसन्ससाठी ठरावीक प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. त्यात एअर ब्रेक येतात. बर्फातला चढ मात्र बर्फातच शिकावा लागतो, म्हणून पहिल्या हिवाळ्यात जुन्या ड्रायव्हरबरोबर जायची संधी मिळाली तर सोडू नका.

११. आम्ही कारने जाणार आहोत, आईबाबा भारतातून आलेत. काय बघायचं?

डोंगरी मार्गांवर कारलाही १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर लागतात: डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह किंवा 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) शिक्का, नक्षी किमान ३.५ मिलिमीटर. कायद्याला एम+एस चालतो, मला चालत नाही. डोंगर-हिमकणवालेच घ्या. भाड्याची गाडी घेताना टायर स्वतः वाकून बघा.

निघायच्या आधी ड्राइव्हबीसी ही सरकारी वेबसाइट बघा, कॅमेरे असतात. पोर्टियापासून जुन्या टोलनाक्यापर्यंतच्या पट्ट्यात वेगमर्यादा विजेच्या पाटीवर बदलते, आणि ती सूचना नसून कायदा आहे. टाकी भरलेली, पांघरुणं, पाणी, खायला. आईबाबांचं औषध सामानाच्या डिकीत नाही, हाताशी. रस्ता बंद झाला तर पाच-सहा तास गाडीत बसावं लागू शकतं. मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजला नाही ना, हे दर वेळी इंजिन चालू करताना बघा, नाहीतर धूर आत येतो आणि कळतही नाही.

१२. कार बर्फात गेली. मागून आलेला पिकअपवाला दोर लावून काढतो म्हणतोय. काढू द्यावं?

रस्त्याच्या कडेला, चाकं थोडी रुतलेली, वाहतूक नाही, दोर गाडीच्या टो हुकला लागतोय: काढू द्या. दोर बंपरला, सस्पेन्शनला किंवा ट्रेलर ओढायच्या गोल बॉलला लावत असेल तर नको म्हणा. तो बॉल तुटून काच फोडून आत येतो आणि माणसं मरतात. गाडी कठड्यापलीकडे असेल तर चर्चाच नको.

१३. दोन दिवस झाले, खाली दरीत एक ट्रक दिसतोय. कोणीच काढत नाही. आत कोणी असेल तर?

पोलिसांनी तपासलेल्या गाडीला बहुतेक वेळा पिवळी फीत बांधलेली असते. फीत दिसत नसेल किंवा शंका असेल तर बिनधास्त ९११ ला फोन करा.

न काढण्याचं कारण असं की ती गाडी वाहतुकीला अडथळा नाही. वर काढायची तर लेन बंद करावी लागते, म्हणजे मागे रांग, म्हणजे नवा अपघात. वादळ सरेपर्यंत तिला राहू द्यायचं आणि उजेडात, कमी वाहतुकीच्या वेळी काढायची. अपवाद: टाकीतून डिझेल गळत असेल आणि खाली नदी असेल तर वाट बघता येत नाही.

१४. एका ट्रकसाठी दोन्ही बाजूंचा हायवे कशाला बंद करतात?

दोर ताणलेला असताना त्याखालून किंवा शेजारून कोणी जाऊ शकत नाही (प्रश्न ८). रोटेटरचे पाय पसरले की दोन लेन जातात, आणि बूम मागे फिरली की तिसरीही. कधी अर्धा तास सगळं बंद करणं हे चार तास एक लेन चालू ठेवण्यापेक्षा बरं पडतं. मात्र बंद करायचं की नाही हे आम्ही ठरवत नाही, पोलीस आणि रस्त्याचं खातं ठरवतं. शिव्या आम्हालाच पडतात.

१५. टँकर पलटला तर तुम्हीच जाता?

जातो, पण थांबतो दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. टँकरवरच्या पाटीवर चार आकडे असतात: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले, म्हणून मुंबई-गोवा हायवेवरच्या टँकरवरही तेच सापडतील. इथे कॅन्युटेक नावाचं सरकारी केंद्र चोवीस तास फोनवर सांगतं की या पदार्थापासून किती लांब राहायचं. अग्निशमन दल हिरवा कंदील देईपर्यंत चालू इंजिनची आमची कुठलीच गाडी जवळ नेत नाही. बहुतेक वेळा माल आधी दुसऱ्या टँकरमध्ये काढून घेतात, मग रिकामा टँकर उचलतात.

१६. आणि गुरांचा ट्रक?

हे कोणालाच नको असतं. वजन जिवंत असतं आणि हलतं, त्यामुळे प्रश्न ५ मधला हिशेब लागू पडत नाही. आधी लोखंडी जाळ्यांचं तात्पुरतं कुंपण, दुसरा ट्रेलर, गुरं हाताळणारी माणसं आणि पशुवैद्य. गुरं बाहेर आल्याशिवाय ट्रेलर सरळ करत नाहीत. रस्ता पूर्ण बंद, कारण एक बैल अंधारात लेनवर आला तरी पुरे.

१७. माल रस्त्यावर सांडलाय, नाहीतरी टाकूनच देणार. घेतला तर?

चोरी. माल पाठवणाऱ्याचा किंवा विमा कंपनीचा असतो, कचऱ्यात जाणार असला तरी.

१८. हे सगळं बिल कोण भरतं? आकडा ऐकून घाम फुटला.

ट्रकमालकाचा विमा, बहुतेक वेळा. मोठ्या कामाचा आकडा हजारोंत नाही, दहा हजारांच्या पटीत जातो: दोन रोटेटर, चार-पाच माणसं, वाहतूक नियंत्रण, माल हलवणं, सांडलेलं डिझेल आणि माती उचलणं, मग यार्डातलं भाडं. मालाचा आणि प्रदूषणाचा विमा वेगळा असतो आणि इथेच छोटे मालक अडकतात. स्वतःचा एक ट्रक घेऊन धंदा सुरू करणाऱ्यांनी पॉलिसीत रिकव्हरी आणि साफसफाईची मर्यादा किती आहे, हे सही करायच्या आधी विचारावं. बिलातली प्रत्येक ओळ मागायचा तुम्हाला हक्क आहे. फोटो आणि तासांची नोंद मागा. चांगली कंपनी विचारायच्या आधी देते.

१९. ब्रेक गरम झाले म्हणून सुटकेच्या लेनमध्ये ट्रक घातला. मूर्खपणा झाला का?

अजिबात नाही. ती लेन त्यासाठीच आहे. आत सुट्ट्या खडीचा खोल थर असतो, ट्रक अॅक्सलपर्यंत रुततो आणि थांबतो. बाहेर काढणं म्हणजे प्रश्न ५ मधलं 'वजनाइतका जोर' हे उदाहरण. बिल येईल. पण चुकवण्याजोगी गोष्ट आधीची होती: माथ्यावर झॉपकिओसला ब्रेक तपासायची जागा आहे, तिथे खरंच खाली उतरून तपासा. नुसतं आत शिरून बाहेर पडणारे आम्हाला रोज दिसतात.

२०. हिमस्खलनासाठी रस्ता बंद केलाय आणि आत ट्रक अडकलाय. तुम्ही जाता का?

माणूस अडकला असेल तर पोलीस आणि बचाव पथक ठरवतं. नुसती गाडी असेल तर नाही. वरचा बर्फ मुद्दाम स्फोटाने पाडायचं काम चालू असताना खाली कोणी नसतं. (पूर्वेकडे रॉजर्स पासवर हेच काम कॅनडाचं सैन्य १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तोफांनी करत आलंय. आपल्याकडे झोजिलाला बीआरओ (सीमा रस्ते संघटना) डोझर घेऊन उभी असते, तसा तिथे तोफखाना.)

२१. २०२१ चा पूर आला तेव्हा काय झालं?

तो हिवाळ्याचा नेहमीचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबरच्या मध्यात दोन दिवस पाऊस कोसळला, कोकिहालावर वीसेक ठिकाणी रस्ता खचला, पूल गेले. होपहून आत जाणारे हायवे १, ३ आणि ५ तिन्ही एकाच वेळी तुटले. ट्रकसाठी कोकिहाला २० डिसेंबरला उघडला, म्हणजे पाचेक आठवड्यांतच, आणि सगळ्यांसाठी जानेवारीत. मधल्या काळात सगळी जड वाहतूक हायवे ३ वर आली, जो अरुंद आणि वळणांचा. रिकव्हरीवाल्यांची कसोटी त्या पर्यायी रस्त्यावर लागली.

२२. टोरंटोला अपघात झाला की पाच मिनिटांत टो ट्रक हजर होतो. तो तुमच्यासारखाच का?

न बोलावता आलेल्या टो ट्रकपासून सावध राहा, मग तो कितीही गोड बोलो. ओंटारियोत या धंद्यात इतकी गुंडगिरी झाली की प्रांताने २०२१ मध्ये नवा कायदा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ४०० मालिकेतल्या (४०० पासून क्रमांक असलेल्या मोठ्या) हायवेंच्या काही पट्ट्यांवर फक्त नेमलेल्या कंपनीलाच टो करायची मुभा ठेवली. सही करायच्या आधी दर आणि गाडी कुठे नेणार ते लिहून घ्या.

२३. मला हे काम करायचंय. भारतातला क्रेनचा अनुभव चालेल का?

दोर, पुली, वजनाचा मध्यबिंदू यांची जाण असेल तर नुसता चालेल असं नाही, उपयोगीही पडेल. कागदावर मात्र इथलं लायसन्स लागतं: हेवी गाडीला एअर ब्रेकसह क्लास ३, ट्रेलरची जोडगाडी चालवायची तर क्लास १. रेकमास्टरसारख्या संस्थेचा हेवी रिकव्हरीचा कोर्स असला की मुलाखत सोपी जाते. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घ्या. रात्री दोनला फोन उचलायची तयारी हवी, आणि घरच्यांचीही.

पहिल्या हिवाळ्यात रोटेटरच्या कळा कोणी हातात देणार नाही. ट्रक गेल्यावर रस्त्यावरची काच, पत्र्याचे तुकडे, तेलावर टाकलेली माती झाडून उचलणं हेही आमचंच काम आहे, आणि ते नव्याकडे येतं. खराटा कंपनी देते, हातमोजे स्वतःचे आणा, दोन जोड. एक नेहमी ओला असतो.